चित्रकलेच्या वर्गासाठी एआय साधन निवडताना: चार पर्यायांचा तुलनात्मक आढावा

आठवी ते दहावीच्या वर्गांना चित्रकला शिकवणारे, शासकीय रेखाकला परीक्षेला विद्यार्थी बसवणारे आणि एआय चित्रनिर्मितीचे एखादे साधन वर्गात वापरून पाहावे असे ज्यांच्या मनात आहे, असे कलाशिक्षक डोळ्यांसमोर ठेवून हा आढावा लिहिला आहे. त्यात चार पर्याय घेतले आहेत: चॅटजीपीटी आणि गुगल जेमिनी यांसारखी संवादातून चित्र देणारी साधने, मिडजर्नी, ॲडोबी फायरफ्लाय आणि स्वतःच्या संगणकावर चालवता येणारे स्टेबल डिफ्यूजन. कोणते साधन अधिक सुंदर चित्र देते, हा निकष मी दुय्यम मानला आहे, कारण आज चारही साधने देखणी चित्रे देतात. विद्यार्थ्याने कागदावर काढलेली रेषा साधन आत घेते का, आणि घेतल्यावर तिचे काय करते, हा या तुलनेचा पहिला निकष आहे. खर्च, भाषा, विद्यार्थ्यांची माहिती आणि हक्कांचे प्रश्न त्यानंतर येतात.

या निकषामागचे कारण साधनांच्या कार्यपद्धतीत आहे. यांपैकी बहुतेक साधने वापरतात त्या डिफ्यूजन पद्धतीत असंख्य चित्रांमध्ये थोडा थोडा करून ठिपक्यांचा गोंधळ मिसळला जातो आणि तो पुन्हा कसा काढून टाकावा, हे प्रणालीला शिकवले जाते. नंतर ती निव्वळ गोंधळापासून सुरुवात करते आणि आपल्या शब्दांच्या आधारे तो पायरीपायरीने निवळत नेते. सुरुवातीच्या पायऱ्यांत मोठे आकार व छायाप्रकाशाची ढोबळ विभागणी ठरते, बारकावे शेवटी येतात. रंगचित्रकारही मोठे आकार आधी मांडतो, त्यामुळे हा क्रम कलाशिक्षकाला ओळखीचा वाटेल. परंतु या प्रक्रियेत रचनारेषा नसते, मध्य अक्ष नसतो, नजरपातळी ठरवलेली नसते. घड्याच्या तोंडाचा लंबगोल आणि त्याच्या बुडाची वक्ररेषा एकाच नजरपातळीवरून पाहिलेली असावी, हे बंधन तिला कोणी घातलेले नसते. तशी चित्रे पाहून लागलेल्या सवयीने ती रेषा बहुतेक वेळा बरोबर येते आणि कधी कधी चुकते. म्हणून केवळ शब्द देऊन मिळालेल्या चित्रातून आकाराची रचना शिकवता येत नाही. विद्यार्थ्याचे रेखाटन आधार म्हणून दिले, तर मात्र रचनेची जबाबदारी त्याच्याकडेच राहते आणि साधनाकडे रंग, पोत व प्रकाश यांचे पर्याय सुचवण्याचे काम उरते.

प्रथम संवादातून चित्र देणारी साधने पाहू. त्यांचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्यांना मराठी समजते. ‘पावसाळ्यात छत्री घेऊन शाळेत निघालेली दोन मुले, मागे कौलारू घरे’ असे लिहिले की अपेक्षेच्या जवळचे चित्र मिळते आणि पुढच्या वाक्यात ‘छत्री लाल करा, घरे थोडी लांब न्या’ असेही सांगता येते. मार्च २०२५ मध्ये चॅटजीपीटीत आलेली चित्रनिर्मिती भाषेच्या मॉडेलमध्येच गुंफलेली असल्याने लांबलचक सूचनाही ती बऱ्याच प्रमाणात पाळते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेले जेमिनीचे चित्रसंपादन दिलेल्या चित्रातील इतर भाग फारसा न बिघडवता नेमका एक भाग बदलण्यात चांगले आहे. दोन्ही ठिकाणी मोफत वापर मर्यादित असला, तरी एका शिक्षकाने प्रोजेक्टरवर दाखवण्यापुरता तो पुरतो.

त्यांचा दोषही याच सोयीतून येतो. विद्यार्थ्याचे पेन्सिल रेखाटन छायाचित्र काढून दिले, तर साधन ते ‘समजून घेते’ आणि स्वतःच्या पद्धतीने नव्याने काढते. वाकडा हात सरळ होतो, डोके शरीराच्या प्रमाणात येते, मोकळी जागा फुलांनी भरून जाते. न सांगता केलेली ही दुरुस्ती वर्गात घातक आहे, कारण तेरा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या चित्राशेजारी ती गुळगुळीत आवृत्ती दिसली की आपले चित्र चुकले असे त्याला वाटते. ‘रेषा बदलू नका’ असे बजावूनही रेषा बदलतातच. बदल किती व्हावा हे आकड्यात ठरवण्याची सोय या साधनांत नाही.

मिडजर्नीबद्दल थोडक्यात सांगता येईल. जुलै २०२२ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले हे साधन रंग, वातावरण आणि प्रकाश यांच्या बाबतीत आजही सर्वांत ‘चित्रकाराच्या डोळ्याचे’ वाटते. त्याचे किमान शुल्क दरमहा १० डॉलर आहे, आणि तयार केलेली चित्रे इतरांना दिसू नयेत अशी सोय हवी असेल तर ६० डॉलरची वा त्याहून महाग योजना घ्यावी लागते. सूचना इंग्रजीत दिलेल्या बऱ्या. डिस्ने आणि युनिव्हर्सल या कंपन्यांनी जून २०२५ मध्ये त्याच्यावर स्वामित्वहक्काचा दावा दाखल केला आहे. शिक्षकाने स्वतःच्या अभ्यासासाठी महिनाभर घेऊन पाहायला हरकत नाही. शाळेच्या खर्चातून ते घ्यावे असे मला वाटत नाही.

फायरफ्लायची बाजू हक्कांच्या संदर्भात अधिक भक्कम आहे. मार्च २०२३ मध्ये ते सादर करताना ॲडोबीने सांगितले होते की त्याचे प्रशिक्षण ॲडोबी स्टॉक या तिच्या चित्रसंग्रहातील चित्रे, खुल्या परवान्याची सामग्री आणि स्वामित्वहक्काची मुदत संपलेली चित्रे यांवर झाले आहे. ही बाजू निखळ नाही, कारण त्या स्टॉकमध्ये इतर एआय साधनांनी बनवलेली चित्रेही होती आणि प्रशिक्षणातील सुमारे ५ टक्के चित्रे तशी असल्याची बातमी एप्रिल २०२४ मध्ये आली. तरीही शाळेचे छापील नियतकालिक, स्नेहसंमेलनाचे फलक किंवा प्रदर्शनाची पत्रिका यांसाठी चित्र वापरायचे असेल, तर चारही पर्यायांत हाच सर्वांत निर्धास्त आहे. रेषेच्या निकषावरही तो बरा उतरतो: २०२४ पासून त्यात ‘रचनेचा संदर्भ’ म्हणून स्वतःचे रेखाटन देता येते आणि त्या संदर्भाचा प्रभाव कमी-जास्त करता येतो. मांडणी राहते, रेषेचा स्वभाव मात्र, म्हणजे तिची जाडी, कंप आणि हाताचा दाब, त्यात उरत नाही. ॲडोबी एक्स्प्रेसची शाळांसाठीची मोफत आवृत्ती शिक्षकांना मिळू शकते, हीही जमेची बाजू आहे.

आता स्टेबल डिफ्यूजन, ज्यावर मला अधिक विस्ताराने लिहायचे आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये खुले झालेले हे मॉडेल एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालते, त्याला मासिक शुल्क नाही, आणि विद्यार्थ्यांची चित्रे शाळेच्या संगणकाबाहेर जात नाहीत. त्यासाठी ग्राफिक कार्ड, शक्यतो एनव्हिडियाचे, असलेला संगणक लागतो. त्याच्या जुन्या आवृत्तीला कार्डाची ४ जीबी मेमरी कशीबशी पुरते, ६ ते ८ जीबी असल्यास काम सुरळीत होते. शाळेच्या संगणक कक्षात असे कार्ड बहुधा नसते, हा पहिला अडथळा. दुसरा अडथळा भाषेचा आहे: शब्द समजून घेणारा त्याचा भाग इंग्रजी मजकुरावर घडलेला असल्याने मराठी सूचना त्याला कळत नाहीत. तिसरा अधिक गंभीर आहे. अनुचित चित्रे रोखणारी गाळणी या प्रणालीत सहज बंद होऊ शकते, आणि लायॉन या ज्या चित्रसंचावर हे मॉडेल शिकले, त्यात बालकांच्या लैंगिक शोषणाची सामग्री आढळल्याचे स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी डिसेंबर २०२३ मध्ये उघड केले होते. त्यामुळे हे साधन शिक्षकाच्या हातातच राहावे, विद्यार्थ्यांना ते एकट्याने वापरू देऊ नये.

इतके अडथळे असूनही मी ते प्रथम क्रमांकावर ठेवतो, त्याची कारणे दोन आहेत. पहिले म्हणजे नियंत्रण. मूळ चित्रात किती बदल व्हावा हे येथे शून्य ते एक या मोजपट्टीवर ठरवता येते, ०.३ ला विद्यार्थ्याचे चित्र जवळपास तसेच राहून पृष्ठभाग बदलतो, ०.८ ला मूळचे थोडेच उरते. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या कंट्रोलनेट या जोडसुविधेमुळे तर रेखाटनातील रेषा जवळपास जागच्या जागी धरून ठेवता येतात. क्रिटा या मोफत चित्रकला प्रणालीला एक पूरक जोडले की एका बाजूला रेखाटन आणि दुसऱ्या बाजूला त्यावरून बदलत जाणारे चित्र, असे दोन्ही एकाच वेळी पडद्यावर दिसते. संकल्पचित्राच्या तासाला याचा उपयोग असा करता येतो: विद्यार्थ्याने चौकोनात पक्षी, पाने आणि वेल यांची पेन्सिलने मांडणी करावी, शिक्षकाने ती स्कॅन करून रेषा कायम ठेवावी आणि उष्ण, शीत, एकरंगी व विरोधी अशा चार रंगसंगतींत ती दाखवावी. ‘सपाट रंग’ असे स्पष्ट सांगावे लागते, अन्यथा प्रणाली प्रत्येक पानावर छटा आणि चमक चढवते. त्यानंतर पडदा बंद करून विद्यार्थ्याने एक रंगसंगती निवडावी आणि पोस्टर रंगांत स्वतः रंगवावी. रंगमिश्रणाचा प्रश्न तेव्हा खरा सुरू होतो, कारण पडद्यावरचा झगमगता निळा बाटलीतून निघत नाही.

दुसरे कारण म्हणजे या प्रणालीत प्रत्येक चित्रामागे असलेला बीजक्रमांक, म्हणजे सुरुवातीचा गोंधळ कोणता असेल हे ठरवणारा आकडा. तोच क्रमांक आणि तीच मांडणी ठेवून सूचनेतील एकच शब्द बदलला, तर नेमका त्या शब्दाचा परिणाम दिसतो: सकाळच्या जागी दुपार लिहिल्यावर सावल्यांचे काय झाले, तांब्याच्या जागी माती लिहिल्यावर प्रकाशाचा ठिपका कुठे गेला. मिडजर्नीतही बीजक्रमांक देता येतो. संवादी साधनांत तो उपलब्ध नसतो. शिवाय जुन्या आवृत्तीच्या चुका शिक्षकाच्या कामाच्या आहेत. एकाच टेबलावरील दोन वस्तूंच्या सावल्या भिन्न दिशांना पडलेल्या, तोंडाचा लंबगोल एका नजरपातळीचा आणि बुडाचा दुसऱ्या, असे चित्र स्थिरचित्राच्या वर्गात चुका शोधायला दिले की यथार्थदर्शनाची चर्चा आपोआप सुरू होते. नव्या साधनांत अशा चुका कमी होत चालल्या आहेत, ही शिक्षकाच्या दृष्टीने गैरसोयच म्हणायची.

स्मरणचित्र आणि अक्षरलेखन या दोन विषयांसाठी मात्र चारपैकी कोणतेच साधन वापरू नये. पाहिलेले आठवून मांडणे हेच स्मरणचित्राचे काम आहे. जत्रेचे आयते चित्र समोर ठेवल्यावर विद्यार्थी जत्रा आठवणार नाही, ते चित्र आठवेल. देवनागरी अक्षरांच्या बाबतीत स्टेबल डिफ्यूजनची जुनी आवृत्ती आणि मिडजर्नी निव्वळ अक्षरसदृश आकार काढतात. संवादी साधने पुष्कळ सुधारली आहेत, तरी जोडाक्षरे आणि वेलांट्या एकेक करून तपासाव्या लागतात.

लोककलेच्या बाबतीत चारही साधने सारखीच कमी पडतात. वारली चित्र मागितले की गेरूचा रंग आणि पांढऱ्या आकृती सर्वांनाच जमतात, पण दोन त्रिकोणांच्या सांध्यावर शरीराला येणारा झोक हरवतो आणि आकृती ताठ उभ्या राहतात. तारपा वाजवणाऱ्याभोवती वळसे घेत जाणारी, एक टोक मोकळे असलेली नर्तकांची रांग बहुतेक वेळा बंद वर्तुळ होऊन येते. कुर्ते, पिशव्या आणि कपबशांवर छापलेल्या वारली नक्षीचा हा परिणाम असावा. लग्नाच्या वेळी सुवासिनींनी पालघाट देवीसाठी रेखाटायचा चौक तर या साधनांना केवळ सजावटीची चौकट वाटतो. २०११ साली पद्मश्री मिळालेले वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे छापील पुस्तकातून दाखवणे वर्गाला अधिक उपयोगी पडेल. पिंगुळीची चित्रकथी आणि सावंतवाडीचा गंजिफा या लोककलांनाही हेच लागू आहे.

माहितीच्या सुरक्षेबाबत २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती लागते. चॅटजीपीटीच्या अटींनुसार १३ वर्षांखालील मुलांना वापर वर्ज्य आहे आणि १८ वर्षांखालील मुलांना पालकांची परवानगी आवश्यक आहे. म्हणून खाते शिक्षकाचे असावे, आणि विद्यार्थ्यांची छायाचित्रे कोणत्याही ऑनलाइन साधनात टाकू नयेत. रेखाटनावर नाव व हजेरी क्रमांक असेल तर तो आधी झाकावा. चित्रकला स्पर्धांचे परीक्षण करणाऱ्यांसाठी आणखी एक फरक महत्त्वाचा आहे. जेमिनीच्या चित्रात डोळ्यांना न दिसणारी खूण चित्रबिंदूंमध्येच मिसळलेली असते. चॅटजीपीटी आणि फायरफ्लाय चित्राच्या फाइलला निर्मितीची नोंद जोडतात, पण पडद्याचे छायाचित्र घेतले की ती नोंद निघून जाते. स्टेबल डिफ्यूजनच्या चित्रावर अशी खूण असेलच असे नाही.

निवड करताना शाळेची परिस्थिती पाहावी. हातात केवळ मोबाइल आणि प्रोजेक्टर असेल, तर जेमिनी किंवा चॅटजीपीटीची मोफत आवृत्ती घ्यावी आणि तिचा उपयोग वस्तूंची मांडणी, प्रकाशाची दिशा व रंगसंगती यांवर चर्चा करण्यापुरता ठेवावा. विद्यार्थ्यांची रेखाटने तिला ‘सुधारायला’ देऊ नयेत. छपाईचे काम अधिक असेल तर फायरफ्लाय. ग्राफिक कार्ड असलेला एक संगणक आणि त्यावर सुट्टीत काही दिवस घालवण्याची तयारी असेल, तर स्टेबल डिफ्यूजन आणि क्रिटा ही जोडी. पुढच्या वर्षी संगणक खरेदीचा प्रस्ताव जाणार असेल, तर सर्व संगणकांवर थोडा थोडा खर्च करण्याऐवजी एकाच संगणकाला ८ जीबी वा अधिक मेमरीचे कार्ड मागावे. कोणत्याही साधनातून आलेले काम जमा करून घेताना मूळ पेन्सिल रेखाटन सोबत जोडलेले असावे, पाठीमागे साधनाचे नाव व दिलेली सूचना लिहिलेली असावी, आणि गुण त्या रेखाटनाला व हाताने रंगवलेल्या अंतिम चित्रालाच द्यावेत.