कमाडो ग्रिल: एप्रिल ते जानेवारी वापरून झाल्यावर

घ्यावा की नाही एवढंच ज्यांना हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगतो. तासन्‌तास मंद आचेवर मांस शिजवायची हौस असेल किंवा घरच्या अंगणात तंदूरची चव हवी असेल, तर घ्या. ऑफिसातून सातला येऊन साडेसातला चिकन ताटात हवं असेल, तर गॅसचा ग्रिल घ्या आणि सुखी राहा. आणि टेक्ससच्या बार्बेक्यूला असतो तसा दणदणीत धुराचा वास हवा असेल, तर हा तुमची थोडी निराशा करील. का ते पुढे येईलच.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, रॉलीजवळ राहतो. घरात मी सगळं खाणारा, बायको मटणावर जीव टाकणारी पण पोर्कला हात न लावणारी, दोन मुलं चिकनच्या पलीकडे न जाणारी, आणि वर्षातले काही महिने सासूबाई, पूर्ण शाकाहारी. त्यामुळे या ग्रिलची परीक्षा चारी बाजूंनी झाली.

वस्तू काय आहे ते थोडक्यात. जपानमध्ये भात शिजवायला मातीची, झाकणाची चूल असे, मुशीकामाडो. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे असलेल्या अमेरिकन सैनिकांनी ती इकडे आणली. १९७४ मध्ये एड फिशर यांनी अटलांटात ‘बिग ग्रीन एग’ सुरू केलं आणि पुढे मातीची जागा टिकाऊ सिरॅमिकने घेतली. आता त्याच घडणीचे ग्रिल बऱ्याच कंपन्या काढतात. माझा त्यांतलाच एक, अठरा इंची जाळीचा, दिसायला झाकण लावलेल्या रांजणासारखा. वजन स्टँडसकट शंभर किलोच्या घरात, म्हणजे एकदा जिथे ठेवाल तिथेच तो राहणार हे धरून जागा ठरवा. स्टँड आणि आच अडवणाऱ्या प्लेटांसकट हजार डॉलरच्या थोडे पुढे गेले.

खरी करामत त्या जाड भिंतीत आहे. खाली हवा आत यायला सरकती खिडकी, वर झाकणावर हवा बाहेर जायला फिरती चकती. दोन्ही किती उघड्या यावर आच ठरते. भिंत एकदा तापली की उष्णता धरून ठेवते, त्यामुळे कोळसा अगदी थोडा जळला तरी भागतं. थोडा कोळसा जळायला थोडीच हवा लागते, आणि आतून थोडीच हवा फिरली की मांसातलं पाणी कमी उडतं. पाण्याचं भांडं आत ठेवायची गरज मला कधी पडली नाही. चिकनची छाती, जी गॅसवर हमखास कोरडी व्हायची, ती इथे रसरशीत निघते. फक्त आत खुपसलेला थर्मामीटरचा प्रोब १६५ फॅरनहाइट (७४ सेल्सिअस) दाखवायला लागला की उचलायची.

पण हाच गुण उलटाही फिरतो. भिंत हवी तेव्हा उष्णता धरते तशी नको तेव्हाही धरते. २२५ वर (१०७ सेल्सिअस) शिजवायचं असताना झाकणावरच्या थर्मामीटरचा काटा एकदा ३०० च्या पुढे गेला की खिडक्या कितीही आवळा, तासभर तरी तो खाली येत नाही. म्हणून आच वर जातानाच पकडायची. काटा १८० च्या आसपास आला की मी दोन्ही खिडक्या आवळायला लागतो आणि उरलेली चढण त्याला हळूहळू चढू देतो. शेवटी खालची खिडकी बोटभरसुद्धा उघडी राहत नाही. एकदा बसला की मग हात लावायचा नाही. पावसात, थंडीत, रात्रभर काटा हलत नाही. वारा ढकलणारे आपोआप चालणारे पंखे मिळतात, हौस असेल तर घ्या. मला त्यांची गरज वाटली नाही.

आता धूर. मोठ्या लोखंडी स्मोकरमध्ये लाकडाचे ओंडकेच इंधन असतात, भरपूर हवेवर जळतात, आणि तो सगळा धूर मांसावरून वाहत जातो. इथे इंधन कोळसा, लाकडाचे मूठभर तुकडे फक्त वासापुरते, आणि हवा इतकी कमी की ते जळण्याऐवजी धुमसतात. त्यामुळे धुराची चव येते, पण सौम्य. ती वाढवायला दोन गोष्टी उपयोगी पडल्या. लाकूड एकाच जागी वर न ठेवता कोळशाच्या थरात विखरून पुरायचं, म्हणजे आच पसरत जाईल तसा एकेक तुकडा पेटतो. आणि मांस फ्रिजमधून काढून थेट जाळीवर ठेवायचं, कारण थंड, ओलसर पृष्ठभागाला धूर जास्त धरतो. मात्र पेटवल्यावर सुरुवातीला जो दाट पांढरा धूर येतो तो जाईपर्यंत मांस आत नको, कडवट लागतं. धूर विरळ, निळसर, जेमतेम दिसेल इतका झाला की ठेवायचं. याला कधी अर्धा तास लागतो, कधी पाऊण. घाई करणाऱ्यांचं हे काम नाही.

नॉर्थ कॅरोलायनात राहून पोर्क न करणं म्हणजे कोल्हापुरात राहून रस्सा न चाखणं. इथे बार्बेक्यू म्हणजे डुक्करच. राज्याच्या पूर्वेला अख्खं डुक्कर आणि व्हिनेगर-मिरचीचं पातळ पाणी. लेक्सिंग्टनच्या बाजूला फक्त खांदा, आणि त्या व्हिनेगरात थोडं टोमॅटो केचप. या दोन बाजूंचं भांडण आपल्या तांबड्या-पांढऱ्यापेक्षा जास्त पेटतं, त्यात मी पडत नाही. मी खांदाच करतो, हाडासकट, आठ पौंडांच्या आसपास. मीठ, मिरी, थोडी लाल मिरची, बस. लाकूड हिकरी. रात्री दहाला ठेवतो.

पहाटेच्या सुमारास मांसाच्या आतलं तापमान १६० च्या जवळ येऊन अडतं आणि तासन्‌तास तिथेच बसतं. नवख्याला वाटतं ग्रिल विझला. ग्रिल ठीक असतो. मांसाच्या पृष्ठभागावरचं पाणी उडताना जेवढी उष्णता नेतं तेवढीच आत येत असते, घामाने अंग गार राहतं त्यातलाच प्रकार. घाई असेल तर जाड कागदात किंवा फॉइलमध्ये गुंडाळा, बाष्प अडलं की काटा पुन्हा चढतो. पण फॉइलमध्ये वरची काळी खरपूस साल मऊ पडते आणि या ग्रिलमध्ये ती आधीच जरा कमी बनते, म्हणून मी शक्यतो न गुंडाळता वाट बघतो. २०० च्या आसपास प्रोब लोण्यात शिरावा तसा शिरला की काढून, टॉवेलात गुंडाळून रिकाम्या कूलरमध्ये दीड-दोन तास. मग हाड नुसतं ओढलं की हातात येतं. इतके तास का, तर खांद्यातला चिवट कोलॅजन विरघळून जिलेटिन व्हायला तापमानाइतकाच वेळही लागतो. सकाळी कोळसा बघितला तर निम्मा शिल्लक. हे पहिल्यांदा बघणाऱ्याला खरं वाटत नाही.

एक सूचना. कापल्यावर सालीखाली गुलाबी कडा दिसते. मराठी पाहुणे हमखास विचारतात, “कच्चं राहिलंय का हो?” राहिलेलं नसतं. धुरातल्या वायूंनी मांसाचा रंग धरून ठेवलेला असतो. थर्मामीटर दाखवा आणि वाढा.

पण या ग्रिलचे पैसे माझ्या मते वसूल झाले ते बोकडावर. हलाल दुकानात सांगितलं नाही तर ते सवयीने करवतीवर रस्स्याचे तुकडे करून देतात, म्हणून आधी फोन करून मागचा पाय अख्खा ठेवायला सांगायचं. चिरा पाडून त्यात लसूण खोचायची, मग आलं, हळद, मीठ, तेल आणि भरपूर कांदा-लसूण मसाला चोळून रात्रभर फ्रिजमध्ये. हा मसाला थेट निखाऱ्यांवर गेला तर त्यातलं सुकं खोबरं, तीळ आणि मिरची करपून कडू होतात. खाली प्लेटा टाकून २७५ वर (१३५ सेल्सिअस) तोच मसाला भाजला जातो आणि त्याची अशी साल बनते की टेबलवर येईपर्यंत निम्मी चोरीला गेलेली असते. बोकडाला चरबी कमी, त्यामुळे पोर्कसारखं शेवटपर्यंत उघडं ठेवून चालत नाही. अडीच-तीन तासांनी फॉइलमध्ये, कांद्याच्या चकत्या आणि अर्धी वाटी पाणी घालून, घट्ट बांधून, प्रोब सहज शिरेपर्यंत. लाकूड चेरीचं. हिकरी मटणावर फार चढते. आणि फॉइलमध्ये साठलेला रस फेकाल तर पाप लागेल. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण परतून त्यात तो रस ओतायचा. धुरकट तांबडा रस्सा. बायकोचं म्हणणं, पाय हे निमित्त, ग्रिल या रस्स्यासाठी घेतलाय.

मासे जास्त केले नाहीत. इथल्या किनाऱ्यावर स्पॅनिश मॅकरेल मिळतो, आपल्या सुरमईच्याच कुळातला. मीठ-गुळाच्या पाण्यात मुरवून, पुसून, सुकवून सफरचंदाच्या लाकडावर धुरावला तर अप्रतिम लागतो. पण माशांना हवी तितकी मंद आच इथे टिकवणं कष्टाचं आहे.

तंदुरी चिकन मात्र सोपं. प्लेटा काढायच्या, जाळी उंच लावायची, खिडक्या उघडायच्या, ४५० ते ५०० फॅरनहाइट. टांगलेल्या दह्याचं मुरवण, हाडासकट मांड्या. खालून निखारे आणि वरून तापलेल्या झाकणाची आच, तंदूरचं तत्त्व हेच. पिझ्झाच्या दगडावर नानही फुगतात. पिझ्झाबद्दल वेगळं लिहीत नाही, उत्तम होतो.

या आचेवर एक गोष्ट जपायची. खिडक्या आवळलेल्या असताना झाकण एकदम उघडलं की आतल्या भुकेल्या निखाऱ्यांना अचानक हवा मिळते आणि भपकन ज्वाळा बाहेर येते. आधी दोन बोटं उचलायचं, क्षणभर थांबायचं, मग पूर्ण उघडायचं. पाहुण्यांना झाकण उघडून बघायची फार हौस असते. दिवाळीत मित्राचे वडील आले होते, त्यांना “काका, थांबा, मी उघडतो” म्हणेपर्यंत त्यांनी मुठीत धरलंच होतं. हातावरचे केस गेले, बाकी काही नाही.

शाकाहारी घरांसाठी. सासूबाईंची जाळी वेगळी घेतली, पण मुद्दा जाळीने सुटत नाही. सिरॅमिक आतून चरबी आणि धूर पीत जातं. पोर्कनंतर लगेच मंद आचेवर पनीर केलं तर त्याला तो वास येतो. आधी तासभर ६०० पर्यंत तापवून जाळून काढला की जातो, निदान माझ्या नाकाला. सासूबाईंच्या नाकाने काही वेळा वेगळा निर्णय दिलाय. श्रावणात आम्ही फक्त कणसं, वांगी, पिझ्झा केले. भरिताची वांगी सरळ निखाऱ्यांवर टाकायची, त्याला तोड नाही. घरात पूर्ण शाकाहारी माणूस कायम राहत असेल तर हा विचार घेण्याआधी करा.

आता तक्रारी. झाकणाच्या कडेची फेल्टची पट्टी पिझ्झाच्या आचेने पहिल्या काही महिन्यांतच जळाली. बदलून फायबरग्लासच्या जाळीची लावली, ती टिकतेय. आत कोळसा बसतो त्या भांड्याला तडा गेला. कंपनीची आजन्म हमी आहे, पण ती फक्त मूळ खरेदीदाराला, आणि पावती, फोटो, पुन्हा फोटो असं करत सुटा भाग यायला काही आठवडे गेले. तोवर तडकलेल्या भांड्यातच शिजवत होतो, चवीत काडीचा फरक नाही. वापरलेला ग्रिल घेणाऱ्यांनी मात्र हमीचं हे कलम लक्षात ठेवावं. झाकणावरचा थर्मामीटर उकळत्या पाण्यात बुडवून तपासला तर २१२ ऐवजी २३० च्या पुढे दाखवत होता. मागच्या नटाने जुळवता येतो, पण नवीन वस्तूत हे का करावं लागावं?

उन्हाळ्यात आम्ही महिनाभर पुण्याला गेलो. परत आल्यावर झाकण उघडलं तर आत बुरशीची लव. इथली दमट हवा, त्यात चरबीचा थर आणि घट्ट बंद झाकण. जाळी आणि उरलेला कोळसा फेकला, नवीन कोळसा भरून रिकामाच सडकून तापवला, मग घासला. लांब जाणार असाल तर आतला कोळसा काढा आणि खिडक्या उघड्या ठेवा. थंडीत उलटा त्रास, ओली पट्टी रात्री गोठून झाकण चिकटतं, ओढलं तर फाटते.

कोळसा फक्त लाकडाचा, ओबडधोबड तुकड्यांचा. दाबून बनवलेल्या ब्रिकेटची राख इतकी होते की खालची हवा कोंडते. पेटवायला रॉकेलछाप द्रव अजिबात नको, सिरॅमिक तो वास शोषतं. मेणाची वडी पुरते, आणि मंद स्वयंपाकाला एकाच ठिकाणी पेटवायचा. संपल्यावर दोन्ही खिडक्या बंद केल्या की कोळसा विझून पुढच्या वेळेला राहतो, हा खर्चातला मोठा फायदा. ग्रिल स्वतः मात्र पुढचे काही तास गरम असतो, लहान मुलं असतील तर लक्ष ठेवा. गॅरेजमध्ये दार उघडं ठेवूनही वापरू नका, कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही. आणि अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर आधी इमारतीचे नियम वाचा, लाकडी बाल्कनीत कोळशाचा ग्रिल सहसा चालत नाही.

जोडीला काय लागतं? मांसात खुपसायचा चांगला डिजिटल प्रोब, कोपरापर्यंतचे जाड हातमोजे आणि राख ओढायची सळई. कंपनीच्या कॅटलॉगमधली बाकीची खेळणी पहिलं वर्ष घेऊ नका.