आधीची युती की निकालानंतरची आघाडी?

युती निवडणुकीआधी झाली तर आपलं मत कोणाच्या पदरात पडणार, हे मतदाराला कळतं. किंमत मात्र कार्यकर्ता मोजतो. जागा मित्रपक्षाला सुटली की पाच वर्षांची मेहनत पाण्यात, मग बंडखोरी. २०१९ च्या विधानसभेला आपल्या मुक्ताईनगरात हेच घडलं. भाजप-शिवसेना युती असूनही सेनेचे बंडखोर चंद्रकांत पाटील अपक्ष लढले, राष्ट्रवादीने त्यांना पाठिंबा दिला आणि भाजपच्या रोहिणी खडसे थोडक्यात पडल्या.

निकालानंतरची आघाडी आकड्यांवर उभी राहते. त्याच वर्षी शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४ अशी बेरीज बहुमताच्या १४५ च्या पुढे गेली आणि १०५ जागांचा भाजप विरोधात बसला. कायद्याने यात काही चूक नाही. पण जळगाव-धुळ्यात युती म्हणून मत दिलेल्यांना कोणी विचारलं? म्हणून मला आधीची युतीच बरी वाटते, बंडखोरीसकट.