प्रेशर फ्राय चिकन खाऊन आलो, तिथंच बसून खा, पार्सल नेऊ नका

बस स्टँडच्या मागं नवीन दुकान उघडलं, बोर्डावर मोठ्ठ्या अक्षरात प्रेशर फ्राय लिहून आहे, म्हणजे झाकण आवळून दाबात तळलेलं चिकन. महिनाभर श्रावण पाळला होता, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं गेलो, मग पुढच्या रविवारी मी एकटा परत गेलो, म्हणून आता नीट सांगू शकतो.

आमच्या इकडं फ्राय चिकन म्हणजे नाक्यावरची गाडी. मोठी कढई, कडक तापलेलं तेल, पीस टाकला की चर्रर्र आवाज रस्त्याच्या त्या बाजूपर्यंत जाते. तो आवाज म्हणजे चिकनमधलं पाणी वाफ होऊन बाहेर पडून राहिलं असते, म्हणूनच वरचं आवरण एवढं कडक होते, पण तेवढंच आतलं मांस सुकते. छातीचा पीस तर लय वेळा चोथा होते, अन् मोठा लेग पीस वरून काळपट झाला तरी हाडाजवळ कच्चट निघते.

या दुकानातली मशीन स्टीलची आहे, जाड झाकण, वर आवळायचा दांडा, बाजूले प्रेशरचा काटा. पीस तेलात सोडले, झाकण आवळलं अन् आवाजच बंद! दुकानातला पोरगा म्हणे, "काका, प्रेशर बारा पौंडावर ठेवतो." आता बघा, उघड्या कढईत मांसातलं पाणी 100 डिग्रीच्या आसपास उकळून उडून जाते, पण एवढ्या दाबात ते 117 च्या जवळ गेल्याशिवाय उकळत नाही, म्हणजे रस बराचसा आतच राहते अन् मांसही लवकर शिजते. तेलही कढईएवढं कडक तापवावं लागत नाही. दहा मिनिटात पीस बाहेर, गाडीवर अठरा-वीस मिनिटं सहज जातात.

लेग पीस मी तिथंच मोडून बघितला. मांस हाडापासून अलगद सुटलं, बोटावर रस आला, मसाला आतपर्यंत लागलेला. मले मनापासून आवडलं. पण आवरण पातळ अन् जरा नरम असते, गाडीवरच्यासारखं कुरूमकुरूम नाही. ज्याले कुरकुरीतच पाहिजे त्यानं गाडीवरच जावं.

ही पद्धत काही नवीन नाही बरं का, केएफसीवाल्या सँडर्सनं अमेरिकेत 1939 च्या सुमारास हेच केलं होतं, तव्यात अर्धा तास लागे म्हणून त्यानं प्रेशर कुकर वापरला. हे ऐकून आमचा मामेभाऊ म्हणे, "मंग घरच्या कुकरमधी करू ना!" अजिबात करू नका भाऊ. घरचा कुकर पाण्यासाठी बनवला आहे, त्याची रबरी रिंग अन् वॉल्व्ह एवढ्या गरम तेलासाठी नाही, झाकण उडालं तर उकळतं तेल अंगावर येते. त्याच्या हातून मी कुकर ओढून घेतला.

चार पीस 280 रुपये, गाडीपेक्षा महाग, पण माल ताजा होता अन् तेल काळं नव्हतं. एकच तक्रार, घरी आईसाठी पार्सल नेलं, गाव अठरा किलोमीटर, डबा उघडला तर वाफेनं आवरण ओलं होऊन सालपटासारखं निघून आलं. आईनं खाल्लं, पण मले वाईट वाटलं. दुकानवाल्या भाऊले विनंती, प्लास्टिकचा झाकणाचा डबा सोडा, कागदी खोक्यात द्या अन् वरून चार भोकं पाडा.