सेव्हनची टायटल्स: दोन मिनिटांत पोटात गोळा

थ्रिलरची सुरुवात कशी असावी हे बघायचं असेल तर डेव्हिड फिंचरच्या सेव्हनची (१९९५) टायटल्स बघाच, आणि प्लीज ओटीटीवर ते स्किप इंट्रोचं बटण दाबू नका. टायटल्स काइल कूपरने केलीत. आधीच्या सीनमधे मॉर्गन फ्रीमन झोपायला आडवा होतो, मेट्रोनोमची (संगीतात ताल धरायला वापरतात ते यंत्र) संथ टिकटिक चालू असते आणि त्या शांततेतून एकदम नाइन इंच नेल्स या रॉक बँडच्या गाण्याचा रिमिक्स खरखरत सुरू होतो. मग फक्त हात दिसतात, चेहरा नाहीच. कोणीतरी वहीची पानं दोऱ्याने शिवतंय, फोटो कापतंय, बारीक अक्षरात काहीबाही लिहितंय, आणि मधेच ब्लेडने स्वतःच्या बोटांची कातडी तासतंय, तो शॉट इतका जवळून घेतलाय की आपण आपलीच बोटं मिटून घेतो 😣 हे सगळं कशासाठी ते तेव्हा कळत नाही, बोटांच्या ठशांचं नंतर समजतं तेव्हा काटा येतो. नावंसुद्धा हाताने खरवडल्यासारखी, थरथरणारी, वाचेपर्यंत गायब. रक्तपात नाही, पाठलाग नाही, तरी हा माणूस किती शांतपणे आणि किती दिवसांपासून कामाला लागलाय हे बरोब्बर पोचतं आणि तो खुनी समोर येईपर्यंत ती धास्ती आपल्या मानगुटीवर बसलेली असते. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र निम्मी मजा जाते, हेडफोन लावूनच बघा. माझ्याकडून पाचपैकी पाच.