बार्सेलोनेटा की सिट्जेस?

बार्सेलोनात ऑगस्टचा एकच दिवस मोकळा असलेल्या माझ्या मावसबहिणीला शहरातला बार्सेलोनेटा किनारा की जवळचे सिट्जेस हे समुद्रकाठचे गाव, हे ठरवता येत नव्हते, म्हणून हा हिशेब मांडला.

जाण्यायेण्याच्या दृष्टीने बार्सेलोनेटा निःसंशय सरस आहे, कारण मेट्रोच्या पिवळ्या मार्गावर उतरून दहा-पंधरा मिनिटे चालले की वाळू लागते. सिट्जेसला मात्र सान्त्स स्थानकातून लोकल गाडीने सुमारे 40 मिनिटे लागतात आणि तिकिटाचा खर्च वेगळा.

गर्दी दोन्हीकडे असते, पण तिची जात निराळी. 1992च्या ऑलिंपिकसाठी शहराचा किनारा नव्याने घडवला गेला, त्या बार्सेलोनेटावर दुपारी टॉवेलाला टॉवेल भिडतो, थंड बिअर विकणारे दर पाच मिनिटांनी डोक्याशी उभे राहतात आणि पोहायला जाताना पिशवी कोणाच्या भरवशावर ठेवायची, हा प्रश्न सुटत नाही. (पाकीटमारीची ख्याती खोटी नाही.) सिट्जेसला गर्दी लहानमोठ्या अनेक किनाऱ्यांवर विभागली जाते, आणि चर्चच्या पलीकडचा सान्त सेबास्तिया त्यांतला मला सर्वांत आवडलेला.

दोन तासच हाताशी असतील तर बार्सेलोनेटा पुरे. मुले किंवा वडीलधारी बरोबर असतील आणि दिवस मोकळा असेल, तर सकाळच्या गाडीने सिट्जेस गाठावे.