मोर्चा आधी की दाव्याची फाईल?

वनहक्काचे दावे, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवर किंवा गावाच्या जंगलावर वनहक्क कायद्याखाली हक्क मागणारे अर्ज, अडकले की पाड्यावरच्या बैठकीत दोन तट पडतात. एक म्हणतो, चला, मोर्चा काढू. दुसरा म्हणतो, आधी कागद नीट करू. तुम्ही या कामात नवे असाल, आणि माणसं, पैसा, दिवस सगळंच मोजकं असेल, तर जोर कशावर द्यायचा?

मोर्चाची ताकद मी कमी लेखणार नाही. मार्च २०१८ मध्ये किसान सभेच्या लाल झेंड्याखाली हजारो शेतकरी, त्यात कितीतरी आदिवासी, नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईला आले. दहावीच्या मुलांची परीक्षा होती, म्हणून शेवटचा टप्पा रात्रीच चालले. सोललेले तळपाय साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. सरकारने लेखी आश्वासन दिलं. वर्षानुवर्षं कचेरीत पडून असलेला वनजमिनीचा प्रश्न आठवडाभरात राज्याचा झाला. पण २०१९ ला आणि २०२३ ला पुन्हा चालावं लागलं. आणि दर खेपेला मजुरी बुडते ती चालणाऱ्याचीच.

फाईलचं काम संथ, पण त्यातून गाव घडतं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने आधी अभ्यासगट चालवले, निर्णय सर्वसहमतीने घेतले, आणि २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. तरी बांबूच्या वाहतूक पासासाठी, म्हणजे तोडलेला बांबू बाहेर नेण्याच्या परवान्यासाठी, २०११ उजाडावं लागलं. वनहक्क कायद्यात बांबू गौण वनउपज म्हणून, म्हणजे ज्यावर गावाचा हक्क आहे अशी उपज म्हणून, स्पष्ट लिहिलेला असूनही! म्हणजे नुसत्या कागदानेही भागत नाही. मागे लागावंच लागतं.

तरी मला विचाराल तर सुरुवात फाईलपासूनच करा. दाव्याला एकाहून अधिक पुरावे लागतात, आणि ते घरातच असतात. वनखात्याने कधीकाळी अतिक्रमणाचा दंड केला होता ना? ती चुलीवरच्या फळीत खोचलेली, धुराने पिवळी पडलेली पावती म्हणजे तुमचा कब्जा खात्यानेच मान्य केल्याचा कागद. जाणत्या म्हाताऱ्यांचे जबाब आजच लिहून घ्या. ती माणसं थांबणार नाहीत. दाव्यावर ठराव करणाऱ्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हवेत, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. बाया मजुरीवरून परतल्यावर, संध्याकाळीच सभा लावा.

ग्रामसभेच्या ठरावासह दावा प्रांत ऑफिसात दिला की पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. दावा फेटाळला तर कारण लेखी मागा. अपिलाला ६० दिवस असतात, त्यातच अपील करा. तिथेही कोणी दाद देईना, मग खुशाल मोर्चा काढा. मात्र प्रत्येकाच्या पिशवीत आपल्या दाव्याच्या पोचेची झेरॉक्स असू द्या, म्हणजे अधिकारी "तुमचे दावे आलेच नाहीत" म्हणाला, की तिथल्या तिथे शंभर कागद त्याच्या टेबलावर पडतील.