यामाहा आरएक्स-व्ही३८५ : मागचे स्पीकर खरंच वाजतात का?

५.१ च्या (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर) या होम थिएटर रिसीव्हरमध्ये स्पीकर तपासायची सोय चांगली आहे. पण ती तपासते फक्त रिसीव्हरपासून स्पीकरपर्यंतची वायर. टीव्हीकडून काय येतंय ते तिला कळत नाही, आणि बहुतेक घोळ तिथेच असतो.

आधी सेटअपमधल्या स्पीकर मेनूत जाऊन टेस्ट टोन लावा. नळ सोडल्यासारखा ‘सूंऽऽ’ आवाज एकेका स्पीकरमधून फिरतो. कोणता वाजला एवढंच पाहू नका, कुठून वाजला तेही पाहा. सोफ्याखालून वायर ओढताना मागचे डावे-उजवे सर्रास उलटे लागतात. वायरचा एखादा तांब्याचा केस शेजारच्या टर्मिनलला टेकला, तर सेट संरक्षणासाठी आपोआप बंद पडू शकतो. टोकं पीळ देऊनच बसवा.

मग वायपीएओ, म्हणजे माइकने आवाज मोजून स्पीकर आपोआप जुळवायची सोय. पंखा, एसी बंद. सबवूफरचा आवाज अर्ध्यावर, त्याच्यावरचं क्रॉसओव्हरचं (किती उंच सुरापर्यंत वाजायचं ते ठरवणारं) बटण पूर्ण. माइक, आपण बसल्यावर कान जिथे येतात त्या उंचीला, शक्यतो ट्रायपॉडवर. उशीवर ठेवला की सोफ्याच्या पाठीवर आपटलेला आवाजही मोजला जातो. ‘डब्ल्यू-१’ (स्पीकर उलटा जोडल्याचा इशारा) आलं तर त्या स्पीकरचे प्लस-मायनस बघा. ते बरोबर असूनही इशारा येत असेल तर पुढे जा, काही स्पीकरांची आतली जोडणीच तशी असते. शंका राहिलीच, तर वायर रिसीव्हरमधून काढून तिच्या टोकांना दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. सेलचा प्लस प्लसला असताना वूफरचा पडदा बाहेर यायला हवा. सबवूफरचं अंतर टेपने मोजल्यापेक्षा जास्त दिसलं तरी बदलू नका, त्यात त्याच्या सर्किटचा विलंबही धरलेला असतो.

वायपीएओची उणीव एकच, पण मोठी : मोजणी एकाच जागेवरून होते. तिघांच्या सोफ्यावर कडेला बसणाऱ्याच्या कानाशी मागचा स्पीकर ओरडतो. तो भिंतीवर कानापेक्षा दोन फूट वर न्या, बराच फरक पडतो.

आता खरी परीक्षा. ५.१ आवाजाचं काहीतरी लावा आणि रिमोटवर ‘स्ट्रेट’ (आवाज जसा आला तसाच वाजवणारा मोड) दाबा. मागचे गप्प बसले तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ ‘पीसीएम’वर आहे का बघा. तसं असेल तर एआरसीमधून (टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरने रिसीव्हरकडे आणणारी सोय) दोनच चॅनल येतात. ‘ऑटो’ किंवा ‘बिटस्ट्रीम’ करा. ‘५ चॅनल स्टिरिओ’ मोडवर मात्र ही परीक्षा घेऊ नका. त्यात साधं गाणंही पाचही स्पीकरमधून वाजतं, आणि सगळं ठीक आहे असं वाटून माणूस फसतो. दुकानातल्या डेमोतही आधी मोड कोणता ते विचारा.

ब्ल्यू-रे प्लेअर असेल तर तो टीव्हीला न जोडता थेट रिसीव्हरच्या एचडीएमआयला जोडा. डॉल्बी ट्रूएचडी, म्हणजे ब्ल्यू-रेवरचा पूर्ण दर्जाचा आवाज, या सेटच्या एआरसीमधून येत नाही.